भिंतीवरच्या घड्याळाला वेळ कोण सांगतं? पीओई घड्याळं, एनटीपी आणि एका सेकंदाची किंमत



नीटसारख्या परीक्षेत मनगटी घड्याळ आत नेता येत नाही. उमेदवाराला वेळ कळते ती फक्त वर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळावरून. आता समजा, एकाच केंद्रावर खोली क्रमांक ४ मधलं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे आणि खोली क्रमांक ९ मधलं दीड मिनिट मागे. शेवटच्या पाच मिनिटांत घाईघाईने गोल रंगवणाऱ्या मुलाला साडेतीन मिनिटांचा हा फरक किती महाग पडतो, हे वेगळं सांगायला नको. पर्यवेक्षक प्रामाणिक आहेत, घड्याळंही चालू आहेत, तरी दोन मुलांना सारखी वेळ मिळालेली नाही.

हा प्रश्न सोडवण्यासाठी मोठ्या इमारतींत आता नेटवर्कच्या केबलवर चालणारी आणि त्याच केबलमधून वेळ घेणारी घड्याळं बसवतात. आजच्या लेखात ती कशी चालतात ते पाहू. खरं तर घड्याळ हे निमित्त आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी यातून उचलायची गोष्ट वेगळी आहे: कोणत्याही मोजमापाला "हे बरोबर आहे का?" एवढंच विचारून भागत नाही. "हे कशाच्या तुलनेत बरोबर आहे, आणि जास्तीत जास्त किती चुकू शकतं?" असं विचारावं लागतं.

घड्याळ चुकतंच, प्रश्न किती हा आहे

साध्या क्वार्ट्झ घड्याळात क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात. सर्किट त्याला पंधरा वेळा निम्मं करतं आणि सेकंदाला एक ठोका मिळतो. साधी कल्पना, स्वस्तात होणारी.

पण प्रत्येक स्फटिक तंतोतंत ३२,७६८ वेळा कंप पावत नाही. स्वस्त स्फटिकात दशलक्षात २० भाग एवढी चूक सहज असते. आकडा किरकोळ वाटतो ना? हिशेब करू. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्याचे दशलक्षात २० भाग म्हणजे सुमारे १.७ सेकंद. महिन्याला ५२ सेकंद, वर्षाला साडेदहा मिनिटं. एक घड्याळ या वेगाने पुढे आणि शेजारच्या खोलीतलं मागे जात असेल, तर वर्षभरात दोघांत एकवीस मिनिटांचं अंतर पडतं.

त्यात आपला मराठवाड्याचा उन्हाळा. हे स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला नीट चालतील असे कापलेले असतात. तापमान त्यापासून जितकं दूर, त्याच्या वर्गाच्या पटीत घड्याळ मागे पडतं. एका अंशाच्या वर्गाला दशलक्षात सुमारे ०.०३५ भाग, असं हे नातं आहे. पत्र्याच्या छताखालची खोली ४२ अंशांवर राहिली असं धरा. फरक १७ अंश, वर्ग २८९, म्हणजे दशलक्षात सुमारे १० भाग. दिवसाला जवळजवळ ०.९ सेकंद मागे. थंडीतही घड्याळ मागेच पडतं, कारण वर्ग नेहमी धनच असतो. म्हणून जानेवारीत नीट लावलेलं घड्याळ मे महिन्यात का चुकतं, याचं उत्तर बॅटरीतच असेल असं नाही.

इथे दोन शब्द वेगळे ठेवायची सवय लावून घ्या. या क्षणी घड्याळ किती चुकलंय, तो फरक. ते रोज किती चुकत जातं, तो सरक. शिपाई मामा स्टुलावर चढून काटे फिरवतात तेव्हा फरक शून्य होतो. सरक तशीच राहते. म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा स्टूल काढावं लागतं.

एक जुना उपाय: रोज चार वाजता

सगळ्यांची घड्याळं जुळवणं ही गरज नेटवर्कच्या कितीतरी आधीची आहे. सर्वांत जास्त गरज होती रेल्वेला, कारण एकाच रुळावर दोन गाड्या येऊ नयेत हे वेळेवर अवलंबून होतं. भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत असा नियमच आहे की भारतीय प्रमाणवेळ रोज १६.०० वाजता प्रमुख स्टेशनांना ठरलेल्या पद्धतीने कळवायची. कंट्रोलकडून वेळ येते, स्टेशन मास्तर घड्याळ जुळवून घेतात. धाराशिव स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात येतं. लातूर-कुर्डुवाडी मार्गावरच्या त्या घड्याळाला वेळ सांगणारा दूर कुठेतरी बसलेला असतो, ही गोष्ट मुद्द्याची आहे.

यात विज्ञान काय आहे ते पाहा. घड्याळ दिवसाला दोन सेकंद चुकत असेल आणि आपण ते रोज एकदा जुळवत असू, तर चूक कधीच दोन सेकंदांच्या फार पुढे जाणार नाही. घड्याळ सुधारलेलं नाही, चुकीला मर्यादा घातली आहे. आजची नेटवर्क घड्याळं हेच करतात, फक्त दिवसातून एकदा न करता दर काही मिनिटांनी.

मधल्या काळात मोठ्या कारखान्यांत, कॉलेजांत आणखी एक पद्धत होती. ऑफिसात एक मुख्य घड्याळ आणि प्रत्येक खोलीत त्याची 'अनुयायी' घड्याळं. मुख्य घड्याळ दर अर्ध्या किंवा एका मिनिटाला तारेतून विजेचा एक ठोका सोडायचं, सगळ्या घड्याळांचे काटे एकदम एक घर पुढे सरकायचे. दिसायला छान. पण खोट अशी की ठोका फक्त "एक घर पुढे सरक" एवढंच सांगतो, "आता दहा वाजून चौदा मिनिटं झाली" असं सांगत नाही. एखाद्या घड्याळाने एक ठोका चुकवला की ते कायम एक मिनिट मागे, आणि मुख्य घड्याळाला त्याची खबरही नाही. ज्या यंत्रणेला आपली चूक कळायची सोय नसते, ती चूक साठवत जाते. हे वाक्य तुमच्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याही उपकरणाला लावून बघा.

केबलमधून वीज: पीओई म्हणजे काय

पीओई म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट. कॉम्प्युटरला नेटवर्क देणारी जी आठ तारांची केबल असते, तिच्यातूनच उपकरणाला वीजही द्यायची. सीसीटीव्ही कॅमेरे, वायफायचे डबे बरेचदा असेच चालतात. याचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक २००३ साली आलं. त्यात स्विचच्या एका पोर्टमधून १५.४ वॉटपर्यंत वीज देता येते, आणि केबलमधली घट धरून उपकरणापर्यंत १२.९५ वॉट पोचेल असं धरतात. २००९ आणि २०१८ च्या मानकांनी ही मर्यादा वाढवली, पण घड्याळाला एवढी वीज लागतच नाही. तीन-चार वॉट पुरतात.

"मग चुकून लॅपटॉप जोडला तर तो जळणार नाही का?" हा प्रश्न नेहमी येतो. नाही. स्विच आधी अगदी कमी, १० व्होल्टच्या आसपासचा दाब देऊन पाहतो. समोरच्या उपकरणात सुमारे २५ किलोओहमचा एक ठरावीक रोध आहे का, हे तपासतो. तो रोध म्हणजे "मला केबलमधून वीज चालते" ही ओळख. ती पटली तरच ४४ ते ५७ व्होल्टच्या दरम्यानची डीसी वीज सोडली जाते. लॅपटॉपकडे ती ओळख नसते, म्हणून त्याला फक्त नेटवर्क मिळतं.

याचा खरा फायदा आपल्या भागात जाणवतो. समजा, धाराशिव शहरात ४० खोल्यांचं एक तीन मजली कॉलेज आहे. (उदाहरण काल्पनिक आहे.) प्रत्येक घड्याळाला पोर्टवर ४ वॉट धरले तर १६० वॉट झाले. स्विचचे स्वतःचे ४० वॉट धरू. एकूण २०० वॉट. तीन तास लाइट गेली तर लागणारी ऊर्जा ६०० वॉट-तास. म्हणजे नेटवर्कच्या कपाटाजवळ एक बऱ्यापैकी यूपीएस ठेवला की चाळीसही घड्याळं चालू. चाळीस बॅटऱ्या बदलणं नाही, प्रत्येक खोलीत घड्याळासाठी प्लग पॉइंट काढणं नाही.

तोटेही सांगायला हवेत. स्विचपासून घड्याळापर्यंतची केबल १०० मीटरपेक्षा लांब चालत नाही, त्यामुळे लांबट इमारतीत प्रत्येक मजल्यावर स्विच लागतो. जुन्या दगडी इमारतीत केबल ओढणं हे घड्याळाहून महाग पडू शकतं. आणि एक स्विच बंद पडला की त्याच्यावरची सगळी घड्याळं एकदम जातात. माझ्या मते हा तोटा दिसतो तेवढा मोठा नाही. बंद पडलेलं घड्याळ लगेच नजरेत भरतं. चार मिनिटं चुकीचं चालणारं घड्याळ मात्र महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

वेळ विचारायची कशी? एनटीपीचे चार ठोके

आता मुख्य भाग. वीज मिळाली, पण वेळ कशी मिळते? घड्याळ नेटवर्कवरच्या सर्व्हरला विचारतं, "किती वाजले?" उत्तर येतं. पण ते येईपर्यंत थोडा वेळ गेलेला असतो. पत्राने वेळ विचारण्यासारखं आहे हे. उत्तर हातात पडतं तेव्हा ते शिळं झालेलं असतं. किती शिळं, हे शोधायची युक्ती म्हणजे एनटीपी, नेटवर्क टाइम प्रोटोकॉल. डेव्हिड मिल्स या अमेरिकन संशोधकाने १९८० च्या दशकात तो घडवला, आणि आजही इंटरनेटवरची बहुतेक यंत्रं त्याच्याच आधारे वेळ जुळवतात.

युक्ती अशी. चार वेळा नोंदवायच्या.

- टी१: घड्याळाने प्रश्न पाठवला (घड्याळाच्या मते वेळ)
- टी२: सर्व्हरला तो मिळाला (सर्व्हरच्या मते)
- टी३: सर्व्हरने उत्तर पाठवलं (सर्व्हरच्या मते)
- टी४: घड्याळाला उत्तर मिळालं (घड्याळाच्या मते)

एक उदाहरण घेऊ. सगळ्या वेळा १० वाजल्यानंतरच्या सेकंदांत आहेत.

टी१ = ०.०००, टी२ = २.०३०, टी३ = २.०३१, टी४ = ०.०६१

जाण्यायेण्यात गेलेला एकूण वेळ = (टी४ − टी१) − (टी३ − टी२) = ०.०६१ − ०.००१ = ०.०६० सेकंद.

घड्याळाचा फरक = [(टी२ − टी१) + (टी३ − टी४)] ÷ २ = (२.०३० + १.९७०) ÷ २ = २.००० सेकंद.

म्हणजे घड्याळ दोन सेकंद मागे आहे. वहीत एकदा स्वतः करून बघा, फार तर पाच मिनिटं लागतील.

आता थांबा आणि सूत्राकडे पुन्हा बघा. त्या "÷ २" मध्ये एक गृहीतक लपलंय: प्रश्न जायला जेवढा वेळ लागला, तेवढाच उत्तर यायला लागला. दोन्हीकडे ३०-३० मिलीसेकंद. पण खरंच तसं असतं का? समजा जाताना ५० आणि येताना १० मिलीसेकंद लागले. बेरीज तीच ६०. चारही नोंदी तंतोतंत त्याच येतील. मात्र घड्याळ खरं तर १.९८० सेकंद मागे असेल आणि सूत्र सांगेल २.०००. चूक २० मिलीसेकंदांची. आणि गंमत म्हणजे या चार आकड्यांवरून ही चूक ओळखायला कोणताही मार्ग नाही.

पण एक गोष्ट मात्र पक्की सांगता येते. बेरीज ६० असेल, तर चूक ३० मिलीसेकंदांपेक्षा जास्त असूच शकत नाही, कारण एका बाजूचा वेळ फार तर शून्य होईल, ऋण होणार नाही. म्हणजे गृहीतक तपासता येत नसलं तरी त्याने होणाऱ्या नुकसानाला कुंपण घालता येतं. प्रबंधातल्या 'मर्यादा' या प्रकरणात नेमकं हेच लिहायचं असतं. "माझ्या अभ्यासाला मर्यादा आहेत" हे वाक्य कोणीही लिहितो. "माझं हे गृहीतक चुकलं, तर निष्कर्ष जास्तीत जास्त इतका हलेल" हे लिहिणारा संशोधक.

आणखी एक बारकावा. फरक कळल्यावर घड्याळ काय करतं? फरक मोठा असेल तर सरळ उडी मारतं. लहान असेल तर (एनटीपीच्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये ही सीमा १२८ मिलीसेकंद आहे) उडी न मारता आपला वेग किंचित कमी-जास्त करून हळूहळू जुळवून घेतं. कारण नोंदी ठेवणाऱ्या यंत्रासाठी वेळ मागे जाणं धोक्याचं असतं. नंतर घडलेली घटना आधी घडल्यासारखी नोंदली गेली, तर सगळा क्रमच उलटतो.

ही वेळ मुळात येते कुठून?

सर्व्हरला वेळ कोण सांगतं? त्याच्या वरचा सर्व्हर. आणि त्याला? ही साखळी वर चढत जाते. सर्वांत वर अणुघड्याळ असतं, त्याला पातळी शून्य म्हणतात. त्याला थेट जोडलेला सर्व्हर पातळी एक, त्याच्याकडून घेणारा पातळी दोन, याप्रमाणे.

भारतात ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपाशी पोचते. भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी या प्रयोगशाळेकडे आहे. तिथली अणुघड्याळं आंतरराष्ट्रीय वेळेशी, म्हणजे यूटीसीशी, काही नॅनोसेकंदांच्या आत जुळवून ठेवली जातात. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने निर्देश काढले की कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी संस्था यांनी आपल्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्यापर्यंत माग लागणाऱ्या सर्व्हरशी जुळवावीत. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने भारतीय प्रमाणवेळेबाबतचे मसुदा नियम हरकती-सूचनांसाठी खुले केले. 'माग लागणं' हा शब्द लक्षात ठेवा. तुमच्या तराजूचं वजन, थर्मामीटरचा अंश, घड्याळाचा सेकंद: कुठल्या मूळ मापापर्यंत त्याचा माग लागतो, हे सांगता आलं पाहिजे.

पण प्रमाणवेळ म्हणजे 'खरी' वेळ का? प्रमाणवेळ मोजली जाते ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून. धाराशिव आहे ७६.०४ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे इथला सूर्य घड्याळाच्या सरासरी २६ मिनिटं मागे आहे. जुन्या मापात सांगायचं तर एका घटिकेपेक्षा थोडं जास्त, कारण घटिका २४ मिनिटांची. भर माध्यान्ह धाराशिवात सरासरी १२ वाजून २६ मिनिटांनी होते. मुंबईत तर हा फरक ३९ मिनिटांचा. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईत तिला जोरदार विरोध झाला आणि शहराच्या कारभारात 'बॉम्बे टाइम' स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकून होता. म्हणजे वेळ हे निसर्गातून उचललेलं सत्य नाही. ती सगळ्यांनी मिळून केलेली कबुली आहे, आणि अणुघड्याळ ती कबुली पाळायला मदत करतं.

याचा व्यवहारातला परिणाम: एनटीपी फक्त यूटीसी सांगतं. त्यात साडेपाच तास मिळवणं हे घड्याळाच्या सेटिंगचं काम. नवं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दाखवत असेल तर ते बिघडलेलं नाही, त्याला भारतात आहोत हे कोणी सांगितलेलं नाही.

एक सेकंद किती मोठा असतो: किल्लारी

"अहो, भिंतीवरच्या घड्याळात मिलीसेकंद कशाला?" बरोबर आहे, तिथे नको. पण आपल्याच जिल्ह्याने सेकंदाची किंमत पाहिलेली आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमाभागात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं माणसं झोपेत असतानाच कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीने शांत, असं मानलं जायचं. म्हणून नेमका केंद्रबिंदू कुठे, किती खोल, धक्क्यानंतरचे धक्के कोणत्या रेषेत होताहेत, हे प्रश्न शास्त्रज्ञांसाठी फार महत्त्वाचे झाले.

आता केंद्रबिंदू शोधतात कसा? वेगवेगळ्या ठिकाणच्या भूकंपमापकांवर पहिली लहर किती वाजता पोचली, यावरून. अज्ञात गोष्टी चार: अक्षांश, रेखांश, खोली आणि भूकंप सुरू झाल्याची वेळ. प्रत्येक केंद्राच्या नोंदीतून एक समीकरण मिळतं. पण ही समीकरणं एकत्र सोडवता येतात ती एकाच अटीवर: सगळ्या केंद्रांची घड्याळं एकच वेळ सांगत असली पाहिजेत. पहिली लहर कवचातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने जाते. एका केंद्राचं घड्याळ एक सेकंद चुकलं, की त्या केंद्रापुरतं अंतर ६ किलोमीटरने चुकलं. धक्क्यानंतरचे लहान धक्के काही किलोमीटरच्या पट्ट्यात असतात. सहा किलोमीटरच्या चुकीत तो पट्टाच दिसेनासा होईल.

जुन्या पद्धतीच्या वेधशाळांत घड्याळ रेडिओवरच्या वेळेच्या संकेताशी जुळवलं जायचं. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या मदतीने भारतीय हवामान विभागाच्या भूकंप वेधशाळांचं आधुनिकीकरण झालं. डिजिटल भूकंपमापक आले आणि त्यांना वेळ थेट जीपीएस उपग्रहांकडून मिळू लागली. इथे एनटीपी का नाही? वरचं गणित आठवा. साठ मिलीसेकंदांच्या फेरीत चूक तीस मिलीसेकंदांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे १८० मीटर. शिवाय दुर्गम केंद्रावर नेटवर्क असेलच असं नाही.

म्हणून प्रत्येक कामाला आपली अचूकता:

- वर्ग, परीक्षा, बसस्थानक: एक सेकंद पुरे.
- सर्व्हरच्या नोंदी, सीसीटीव्ही: काही मिलीसेकंद ते शंभर मिलीसेकंद.
- भूकंपमापक: एक मिलीसेकंद किंवा त्याहून चांगली.
- वीजवाहिन्यांवरच्या प्रवाहाचा टप्पा मोजणारी उपकरणं: मायक्रोसेकंद. ५० हर्ट्झच्या विजेत एका मिलीसेकंदाची चूक म्हणजे टप्प्यात १८ अंशांची चूक.

गरजेपेक्षा हजारपट अचूक उपकरण मागणं हेही संशोधन प्रस्तावातलं नेहमीचं दुखणं आहे. "एवढी अचूकता का हवी?" याला तुमच्याकडे असं एका ओळीचं गणित तयार पाहिजे.

सगळे एकसारखे चुकले तर?

जुळलेलं असणं आणि बरोबर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. इमारतीतला मुख्य सर्व्हरच तीन मिनिटं चुकला, तर चाळीस घड्याळं एकदिलाने तीन मिनिटं चुकतील. मात्र परीक्षेपुरतं तेही चालेल, कारण सगळ्या मुलांना वेळ सारखीच मिळेल. पण रुग्णालयात रुग्णाला इंजेक्शन कधी दिलं हे वॉर्डच्या घड्याळावरून आणि ईसीजी कधी काढला हे मशीनच्या घड्याळावरून लिहिलं जात असेल, तर नुसती भिंतीवरची घड्याळं आपसात जुळून भागत नाही.

यावर उपाय दोन. पहिला, इमारतीचा सर्व्हर एकाच स्रोतावर न ठेवता निदान चार स्रोतांना विचारतो असा ठेवायचा, म्हणजे एक खोटा निघाला तर बाकीचे त्याला उघडं पाडतात. दोनच स्रोत असतील तर कोण खोटं हे कळत नाही. दुसरा, गच्चीवर जीपीएस अँटेना. रस्त्याच्या कामात फायबर तुटली तरी वेळ येत राहते.

करून बघा

ज्यांना पेट किंवा नेटनंतर प्रस्ताव लिहायचा आहे, त्यांच्यासाठी दोन आठवड्यांचा सराव देते. खर्च शून्य.

१. प्राचार्यांची किंवा विभागप्रमुखांची परवानगी घेऊन कॉलेजातली दहा घड्याळं निवडा. सोयीची निवडू नका, खोली क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाका.

२. संदर्भ ठरवा. एनटीपीशी जुळलेला एक लॅपटॉप घ्या आणि त्याचा फरक व फेरीचा वेळ रोज नोंदवा.

३. नजरेने वाचू नका. लॅपटॉपची वेळ आणि भिंतीवरचा सेकंदकाटा एकाच चौकटीत येतील असा व्हिडिओ काढा. ३० चित्रं प्रतिसेकंद असा व्हिडिओ असेल तर वाचन सुमारे ३३ मिलीसेकंदांपर्यंत नेमकं करता येतं.

४. रोज त्याच सुमारास नोंद: तारीख, वेळ, खोली, फरक, खोलीचं तापमान, शेरा. कोणी मध्येच काटे फिरवले तर ते शेऱ्यात यायलाच हवं.

५. प्रत्येक घड्याळासाठी फरकाचा आलेख काढा. रेषेचा चढ म्हणजे सरक. मग सरक आणि तापमान यांचं नातं वर दिलेल्या वर्गाच्या नियमाशी जुळतं का ते पाहा. दोन आठवड्यांत तापमान फारसं बदललं नाही तर नातं दिसणार नाही, आणि तसं स्पष्ट लिहिणं हाही निष्कर्षच.

६. शेवटी एका परिच्छेदात उत्तर द्या: या दहा खोल्यांत एकाच वेळी परीक्षा झाली, तर दोन विद्यार्थ्यांना मिळालेल्या वेळेत जास्तीत जास्त किती फरक पडेल? आणि या उत्तरात तुमच्या मोजमापाची चूक किती?

अहवाल विभागाला द्या. पीओई घड्याळांचा प्रस्ताव मंजूर होईल की नाही ते पैशावर ठरेल, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळी घड्याळं एका संदर्भाशी जुळवायची, एवढा नियम तर फुकटात करता येतो.

आणि आजपासून एक सवय: तुमच्या डेटाच्या पहिल्या ओळीत नुसती वेळ लिहू नका. कोणत्या घड्याळाची वेळ, कशाशी जुळवलेली, शेवटची कधी जुळवलेली, आणि प्रमाणवेळ की यूटीसी, हेही लिहा. पाच वर्षांनी तुमचाच डेटा उघडणारा संशोधक तुमचे आभार मानेल.

सरावात कुठे अडलात तर खाली लिहा. चार ठोक्यांच्या गणिताची आणखी उदाहरणं हवी असतील तर तेही सांगा.